निवृत्तीनंतर स्वतःचे मोटरहोम: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे, वेकोलि, आयुध निर्माणी, वीज मंडळ, बँका, शाळा-कॉलेजे. इथून साठीच्या आसपास बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती ग्रॅच्युइटी आणि पीएफची रक्कम एकदम येते, आणि वेळही मोकळा होतो. मोटरहोमचा विचार बहुतेकदा त्याच वर्षी मनात येतो. खालचे प्रश्न गाडी बुक करण्याआधी वाचावेत. हिशेबात धरलेले भाव नमुन्याचे आहेत. तुमचे कोटेशन हाती आले की तिथे तुमचे आकडे घाला.

मोटरहोम, कॅम्पर व्हॅन आणि कॅराव्हॅन यांत फरक काय?

मोटरहोम आणि कॅम्पर व्हॅन यांना स्वतःचे इंजिन असते. मोटरहोममध्ये उभे राहता येते, संडास-बाथरूम असते. कॅम्पर व्हॅन लहान, बहुधा झोपणे आणि स्वयंपाक एवढ्यापुरती. कॅराव्हॅन म्हणजे खरे तर मागे जोडून ओढायचा डबा, पण आपल्याकडे सरकारी कागदांत तिन्हींना मिळून हाच शब्द येतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाचे नावही कॅराव्हॅन पर्यटन धोरणच आहे. या पानावर इंजिनवाल्या गाडीचाच विचार केला आहे, म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, टाटा विंगर यांसारख्या गाड्यांवर बांधलेल्या.

वर्षाला खरा खर्च किती येतो?

विचारणारे डिझेलपासून सुरुवात करतात. डिझेल हा या हिशेबातला त्यातल्या त्यात सोपा आकडा आहे. भरलेली गाडी लिटरला ९-१० किलोमीटर देते असे धरा. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर १,००० किलोमीटरला साधारण ९,००० ते १०,००० रुपये. वर्षात ८,००० किलोमीटर फिरलात तर ७५-८० हजार.

खरा खर्च गाडी दारात उभी असतानाचा आहे. समजा गाडी सगळे मिळून ३० लाखांना पडली.

पहिली गोष्ट, बुडालेले व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंतच रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दर धरला तर त्यावर वर्षाला २,४६,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. गाडी घेतली की ते येणे थांबते. व्याज करपात्र असते, तेव्हा कर वजा करून हातात काय पडते ते धरा, पण हा आकडा हिशेबातून गाळू नका. पेन्शन नसलेल्या घरात हेच महिन्याचे किराणा-औषधांचे पैसे असतात.

दुसरी गोष्ट, घसारा. आठ वर्षांनी अर्धी किंमत आली असे धरले तर १५ लाख भागिले ८, म्हणजे वर्षाला १,८७,५०० रुपये. अर्धी किंमत येईल हे गृहीतकही उदारच आहे, कारण आतली रचना एकाच्या आवडीची असते आणि घेणारे थोडे असतात.

मग विमा ५५,००० धरा. सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीसाठी बाजूला ठेवायची रक्कम ६०,००० धरा. घरापाशी जागा नसेल तर भाड्याची जागा महिना २,००० प्रमाणे २४,०००. बेरीज ५,७२,५०० रुपये. यात डिझेल, टोल, जेवण काहीच आलेले नाही.

मग विकत घ्यावे की भाड्याने?

वरची बेरीज रात्रींनी भागा. वर्षात ६० रात्री गाडीत काढल्या तर एक रात्र साधारण ९,५०० रुपयांना पडते. १२० रात्री काढल्या तर ४,८०० रुपयांना. भाड्याच्या गाडीचा दर याच्याशी ताडून पाहा, म्हणजे उत्तर तुमच्यापुरते निघेल.

नागपूरकराने १२० रात्रींचा आकडा सहज धरू नये. इथे आरामात फिरण्याचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून होळीपर्यंत, म्हणजे पाच महिने. त्यात दिवाळी, लग्नसराई, नातवंडांच्या परीक्षा, डॉक्टरांच्या तारखा. आमचे स्पष्ट मत असे, की आधी दोनदा भाड्याने घ्या. एकदा डिसेंबरात दहा दिवस आणि एकदा एप्रिलमध्ये चार दिवस. डिसेंबरात कोणतीही गाडी आवडते. एप्रिलनंतरही दोघांना हवीशी वाटली तरच पुढे जा.

साधी व्हॅन घेऊन सुताराकडून आत फर्निचर करून घेतले तर निम्म्यात काम होईल ना?

पैसे वाचतील, पण गाडीचे कागद बिघडतील. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर जे लिहिले आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. आरसीवर तेरा आसनी प्रवासी गाडी, आणि जळाली तेव्हा आत गॅसची शेगडी, पलंग आणि लिथियम बॅटरी. असा दावा अडकला तर अख्खी गाडी भंगाराच्या भावात जाते.

सरळ मार्ग असा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे मानक आहे. त्यानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजुरी घेतलेल्या बांधणाऱ्याकडूनच गाडी घ्या. आगाऊ रक्कम देण्याआधी मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यातले चॅसिसचे मॉडेल, आसनसंख्या, एकूण वजन तुमच्या कोटेशनशी जुळते का पाहा. 'पासिंग आमच्याकडे लागलं' या तोंडी वाक्यावर पैसे देऊ नका. आरसीवर कोणता वाहनवर्ग येणार ते लेखी घ्या. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वर्गात मोडते, त्यामुळे पांढरी पाटी मिळते आणि परमिट लागत नाही. कर किती बसेल ते तुमच्या पत्त्याप्रमाणे एमएच-३१, ४० किंवा ४९ च्या आरटीओत आधीच विचारा.

वजनाचा एवढा बाऊ का करतात?

कारण आपले सुतार घरातल्या ट्रॉलीसारखे काम करतात. लकडगंजातून आणलेला १८ मिलिमीटरचा ८ बाय ४ चा एक प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतो. ओटा, पलंग, दोन कपाटे आणि वर माईका म्हटले की असे आठ-दहा ताव सहज जातात, म्हणजे तीनशे-साडेतीनशे किलो फक्त लाकूड. तेच काम ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ६ किंवा ९ मिलिमीटरचा प्लाय लावून अर्ध्या वजनात होते. कपाटांच्या दारांना कडी-कोयंडा नको, दाबून बसणारे लॅच हवेत. नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला कपाट उघडून डबे खाली येतात.

त्यावर प्रवासाचे सामान चढते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. दीडशे अँपिअर-तासाची घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे, छतावरचा एसी ३० किलोच्या वर, दोन माणसे, अंथरुणे, भांडी, खुर्च्या.

गाडी ताब्यात घेताना टाकी भरून, डिझेल भरून, दोघे आत बसून धर्मकाट्यावर न्या. तीन वजने घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके काट्यावर, फक्त मागची चाके काट्यावर. पूर्ण वजन आरसीवरच्या मर्यादेच्या निदान १०० किलो आत हवे. मागच्या आसाचे वजन चॅसिस कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर कमानपट्टे वाढवून घेणे हा उपाय नव्हे. त्याने गाडी उंच दिसते, पण ब्रेक आणि टायर तेवढेच राहतात. उजव्या आणि डाव्या बाजूचे वजनही पाहा. टाकी, ओटा आणि फ्रिज एकाच बाजूला आले तर गाडी कायम एका अंगावर झुकून चालते.

लायसन्स वेगळे लागते का?

नाही. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, आणि या गाड्या त्याच्या बऱ्याच आत असतात. लक्ष मुदतीकडे द्या: पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि चाळिशीनंतर फॉर्म १-ए वर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ते आधी उरका, मग नूतनीकरण.

दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, हा आमचा आग्रह आहे. ज्या घरात एकटेच चालवतात तिथे त्यांना रस्त्यात ताप आला, चक्कर आली, की दुसरा माणूस गाडीसकट अडकतो. चाळीस किलोमीटर सरळ रस्त्यावर चालवणे आणि मोकळ्या मैदानात मागे घेणे एवढे तरी दोघांना यायला हवे.

विमा काढताना काय सांगायचे?

सगळे. गाडीच्या किमतीत (आयडीव्ही) आतली बांधणी धरली आहे का, ते पॉलिसीत आकड्याने यायला हवे. कंपनीने मूळ गाडीसोबत न दिलेली विजेची उपकरणे, म्हणजे एसी, फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर, वेगळी जाहीर करावी लागतात. त्यासाठी त्यांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ही नेहमीची आकारणी. ३ लाखांच्या उपकरणांना १२,००० रुपये अधिक कर. बिले जपून ठेवा. बिलाशिवाय बसवलेली वस्तू दाव्यात धरली जाईल अशी आशा ठेवू नका.

टोल कारचा लागतो की मोठ्या गाडीचा?

ते फास्टॅग कोणत्या वर्गाचा आहे त्यावर. फरक लहान नाही. समृद्धी महामार्गाच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांत नागपूर ते मुंबई पूर्ण ७०१ किलोमीटरला कारचा टोल १,४४५ रुपये आणि मिनीबस-हलक्या व्यावसायिक गाडीचा २,३३५ रुपये. म्हणून फास्टॅग घेताना आरसीवरचा वर्ग आणि टॅगचा वर्ग एकच आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला वार्षिक पास खासगी कार, जीप, व्हॅनपुरताच आहे, आणि समृद्धीवर तो चालत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात मोटरहोम वापरता येते का?

रात्री थोडी, दुपारी जवळपास नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या दिवशी उन्हात बंद ठेवलेल्या पत्र्याच्या गाडीत आतला पारा साठीकडे जातो. संध्याकाळी सहाला दारे उघडली तरी प्लाय, गाद्या आणि छत यांत साठलेली उष्णता दहा वाजेपर्यंत बाहेर पडत राहते. नवतप्यात साठीच्या पुढच्या माणसांनी अशा गाडीत दुपार काढूच नये.

तरीही बांधून घेताना काही गोष्टी नीट केल्या तर मार्च आणि जूनचा काही भाग हाती लागतो. छताला पांढरा रंग. पत्रा आणि आतल्या पॅनेलच्या मध्ये बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम, छताला १९ मिलिमीटर आणि बाजूंना १३ तरी. ग्लास वूल स्वस्त पडते, पण गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. लोखंडी फासळ्यांवरही फोमची पट्टी हवी. ती नसेल तर फासळीच्या रेषा आतून हाताला चटका देतात.

एसीबद्दल गैरसमज फार आहेत. छतावरचा एक टनाचा एसी चालताना साधारण १,००० ते १,२०० वॅट घेतो. १२.८ व्होल्टची ४०० अँपिअर-तासाची लिथियम बँक म्हणजे ५,१२० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज वजा केली तर मे महिन्यात जेमतेम चार तास. छतावर बसतील तेवढे सोलर लावले तरी दिवसभराचा एसी त्यावर निघत नाही. एसी हवा असेल तर रात्री १६ अँपिअरचा प्लग मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम करा.

आपल्याकडचा जुना उपाय इथे कामी येतो: कूलर. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की १०० वॅटचा छोटा कूलर, खिडकीत बसवून, समोरची खिडकी उघडी ठेवली तर झोप लागण्याइतका गारवा देतो. वाळ्याची ताटी लावली तर अधिक बरे. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, तासाला दोन ते चार लिटर. आठ तासांत वीस-तीस लिटर गेले, म्हणजे १०० लिटरच्या टाकीचा पाव हिस्सा. कूलरसाठी वेगळा कॅन ठेवा. पावसाळा लागला की कूलर काढून ठेवा. दमट हवेत त्याने अंथरुणेच ओली होतात.

मे महिन्यात बाहेर पडायचेच असेल तर चिखलदरा किंवा पचमढी. दोन्ही हजार मीटरच्या वर आहेत. परतवाड्याहून वर चढताना गाडी गरम होते, पण उतरताना जास्त जपायचे असते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. चार टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून पायाखाली मऊ पडतात.

एसी सोडून रोजची वीज किती लागते?

एप्रिलमधल्या एका दिवसाचा, दोघांचा हिशेब: ४५ लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज ६५० वॅट-तास, २० वॅटचे दोन पंखे दहा तास म्हणजे ४००, दिवे ८०, पाण्याचा पंप २०, फोन-टॅब ६०. बेरीज १,२१०. घोरण्यासाठी सीपॅप यंत्र वापरत असाल तर ह्युमिडिफायर बंद ठेवून आणखी ३२० धरा.

२०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी (२,५६० वॅट-तास) आणि ४०० वॅटचे सोलर यावर हे भागते. कडक ऊन म्हणजे जास्त वीज असे नाही. पॅनेल तापले की उत्पादन घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेले की १५ टक्क्यांच्या आसपास फटका बसतो. म्हणून पॅनेल छताला चिकटवू नका, खाली तीन-चार सेंटिमीटर हवा खेळू द्या. दिवसाला १,३०० ते १,५०० वॅट-तास मिळाले तर समाधान माना. श्रावणात निम्मेही मिळत नाहीत.

बॅटरी कुठे बसवली ते विचारा. सीटखाली, इंजिनाजवळ, हवा न लागणाऱ्या खोक्यात ठेवलेली लिथियम बॅटरी आपल्या उन्हाळ्यात तापून स्वतःच चार्जिंग तोडते, आणि मालक समजतो सोलर बिघडले. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडणे. ती मागेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. चार तास गाडी चालली की त्यातून जवळपास १,६०० वॅट-तास परत मिळतात.

बाहेरून वीज घेताना गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर असावा. शेतातल्या घरी, ढाब्यावर रात्री १७०-१८० व्होल्ट मिळणे रोजचे आहे, आणि अर्थिंग असेलच याची खात्री नसते.

स्वयंपाक गॅसवर की इंडक्शनवर?

पूर्ण पॉवरचा २,००० वॅटचा इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. तेवढ्या जाड तारा आणि तेवढा इन्व्हर्टर नसेल तर जोड तापून वितळतात. म्हणून बहुतेकांना गॅस सोयीचा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नेऊ नका. ५ किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो आणि दोघांना तीन आठवडे पुरतो.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारे भोक असलेला हवा. रबरी नळीवरचा वर्ष-महिना पाहून मुदतीत बदला. गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत लावा. घराच्या सवयीने तो वर लावलेला दिसतो, तिथे तो वेळेत वाजत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वेगळा, झोपण्याच्या उंचीवर. प्रवासात सिलिंडरची तोटी बंद.

फोडणी शक्यतो बाहेर, छत्रीखाली. तर्रीचा वास आतल्या गाद्यांत शिरला की पुढचे आठ दिवस जात नाही.

पाणी आणि संडासाचे काय?

काटकसरीने दोघांना दिवसाला २०-२५ लिटर, रोज आंघोळ केली तर ५०. टाकीत बोअरचे पाणी भरत राहिलात तर गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. शक्य तिथे नळाचे भरा, पिण्याचे वेगळ्या कॅनमध्ये ठेवा.

कॅसेट संडासाची (खालची टाकी बाहेर काढून नेता येते असा) टाकी १८-२० लिटरची असते आणि दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. ती साध्या संडासात रिकामी करता येते. भरलेली कॅसेट वीस किलोच्या वर जाते, म्हणून ती उचलणे कोणाच्या कमरेला झेपेल ते खरेदीआधी ठरवा. चाके आणि ओढायची दांडी असलेली घ्या. त्यात जंतुनाशक रसायनाऐवजी एन्झाइमचे औषध घाला. फॉर्मॅल्डिहाइडचे औषध रिसॉर्टच्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मारते आणि पुढच्या खेपेला तुम्हाला तिथे कोणी उभे करत नाही. भांड्यांचे पाणीसुद्धा खिंडसीच्या काठावर किंवा नाल्यात सोडू नका.

फ्लॅट स्कीममध्ये राहतो. गाडी कुठे ठेवू?

स्टिल्ट पार्किंगमध्ये ती जाणार नाही. एसी आणि सोलर धरून उंची तीन मीटरच्या आसपास जाते. कॉमन जागेत ठेवायची तर सोसायटीचा लेखी ठराव घ्या, तोंडी 'हो' वर्षभर टिकत नाही. स्वतःचा प्लॉट असेल तर गेटची रुंदी, वळायला जागा, वरून जाणारी वीजतार आणि झाडाच्या फांद्या मोजा. शेड घातली तर पावसाळा आणि ऊन दोन्हींपासून गाडी वाचते. छताच्या जोडांचे आयुष्य वाढते, ते पैसे वसूल होतात.

गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर काय बिघडते?

बरेच काही, आणि नागपुरात उन्हाळा-पावसाळा मिळून सहा-सात महिने ती उभीच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवड्यातून एकदा अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यातली काजळीची जाळी (डीपीएफ) जळून साफ व्हायला इंजिन चांगले तापावे लागते. उभ्या गाडीत ती साफ होत नाही, उलट भरत जाते आणि तेलात डिझेल उतरते. महिन्यातून एकदा रिंग रोडला किंवा कामठीवरून मनसरपर्यंत, न थांबता ४० मिनिटे, साठच्या वर चालवा. तेवढे जमत नसेल तर इंजिन चालूच करू नका, बॅटरीची तार काढून ठेवा.

गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी घालायचे युरियाचे द्रावण) लागत असेल तर कॅन उन्हात ठेवू नका. ३० अंशांवर ते वर्षभर टिकते, ३५ वर सहा महिनेच.

मेच्या शेवटी छतावर चढून व्हेंट, एसी आणि सोलरच्या कडा पाहा. उन्हाने सीलंटला बारीक भेगा पडलेल्या असतात. जुने खरवडून पॉलियुरेथेन सीलंट लावा. जुन्या सिलिकॉनवर नवे काहीच चिकटत नाही. मग पाइपने पंधरा मिनिटे पाणी मारा आणि आत कोपरे हाताने चाचपा. मृगाच्या पहिल्या पावसात कळण्यापेक्षा हे बरे.

लिथियम बॅटरी निम्मी भरून तोडून ठेवा. पाण्याची टाकी, पंप, गीझर पूर्ण रिकामे करा. फ्रिजचे दार उघडे ठेवा. अन्नाचा कण उरला तर उंदीर वायरिंगपर्यंत पोचतात, आणि गाडीचे वायरिंग शोधत बसणे हे वायरमनचे चार-चार दिवसांचे काम आहे.

टायर कधी बदलायचे?

नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी. या गाड्या कमी चालतात, म्हणून टायर झिजत नाहीत. उन्हाने आतून कडक होतात. बाजूवरचे चार अंक पाहा: ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. पुढच्या चाकांना रिमोल्ड कधीच नको. हवा सकाळी, टायर थंड असताना, धर्मकाट्यावर आलेल्या वजनाप्रमाणे भरा.

समृद्धीवर हे सगळे एकदम उघडे पडते. काँक्रीट, मे महिना, जास्त वजन, कमी हवा आणि न थांबता सलग दोनशे किलोमीटरचे अंतर. जुना टायर तिथेच फुटतो. ८० च्या आसपास चालवा, दर दीड तासाने थांबा, टायरला हात लावून पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागले तर हवा कमी आहे किंवा ब्रेक धरलेला आहे.

मधुमेह, गुडघे, रक्तदाब असताना हे जमेल का?

जमते, पण गाडी त्याप्रमाणे बांधून घ्यावी लागते. पहिली पायरी जमिनीपासून २० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, दोन्ही बाजूंना धरायला दांडी हवी. पलंग गुडघ्याच्या उंचीचा आणि दोन्हीकडून उतरता येईल असा. वर चढून झोपायचा पलंग शोरूममध्ये छान दिसतो आणि रात्री दोनला लघवीला उठताना नकोसा होतो. पलंगापासून संडासापर्यंत पायाशी मंद दिवा लावा.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागते. छोट्या फ्रिजमध्ये थंड पत्र्याला टेकले तर गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मधल्या खणात, डब्यात, आत थर्मामीटर ठेवून ठेवा. औषधे ठरल्यापेक्षा दहा दिवसांची जास्त न्या. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर आडवे व्हायचे नाही; बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचे.

पेंच, ताडोब्याला जंगलात गाडी लावून राहता येते का?

नाही. सफारी वनखात्याकडे नोंदलेल्या गाड्यांतूनच होते आणि जंगलात रस्त्याकडेला मुक्काम चालत नाही. सिल्लारी, मोहर्लीच्या बाजूला रिसॉर्ट आणि पर्यटन महामंडळाच्या आवारात आधी फोन करून जागा, १६ अँपिअरचा प्लग आणि पाणी, तिन्ही विचारा. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. देवलापार ते खवासा पट्ट्यात अंधारात गाडी नेऊ नका.

सेकंड हँड घेताना काय पाहावे?

आधी आरसी: वाहनवर्ग, आसनसंख्या, बँकेचा बोजा. मग ओल. पावसानंतरच्या आठवड्यात गाडी पाहायला जा. छताच्या कोपऱ्यातले पॅनेल दाबा. मऊ लागले, माईका फुगला असेल, कुबट वास येत असेल, तर आत पाणी मुरलेले आहे आणि दुरुस्ती म्हणजे अर्धी गाडी उघडणे. जमिनीवर टाच आपटत चाला. सगळे दिवे, पंप, फ्रिज एकदम चालू करून बॅटरीचा व्होल्टेज पाहा. स्टेपनीसकट सगळ्या टायरांचे अंक वाचा. शेवटी धर्मकाटा, आणि तो मालकासमोरच.

रिकाम्या दिवसांत भाड्याने देऊन खर्च निघेल का?

पांढऱ्या पाटीच्या गाडीने तसे करता येत नाही. भाड्यासाठी परिवहन वर्गात नोंदणी, पर्यटक परमिट, वेगळा विमा, दरवेळचे फिटनेस असे सगळे लागते. खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि तिसऱ्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते.

विकायची कधी?

आठव्या वर्षाच्या आत आणि सप्टेंबरात. दिवाळीनंतर फिरायचे बेत करणारे तेव्हा शोधत असतात. मार्चनंतर नागपुरात ही गाडी पाहायलाही कोणी येत नाही. बांधणीचे प्रमाणपत्र, उपकरणांची बिले, धर्मकाट्याच्या पावत्या आणि सर्व्हिसचे पुस्तक एका फायलीत असेल तर भाव बोलताना तीच फाइल पुढे करा. मुलांना गाडी नको असेल तर हे त्यांच्याशी आजच बोला, आणि नॉमिनीचे नाव आरसीवर घालून ठेवा.